हादग्याच्या गाण्यांतील एक पाठभेद

आश्विनाचा हा अंक वाचकांच्या हातीं पडेल तेव्हां घरोघरीं घट बसले असतील, आणि दिवेलागणीच्या सुमारास एखाद्या अंगणांतून मुलींच्या फेराचा आवाज कानीं येऊं लागला असेल. गेल्या वर्षीं याच दिवसांत एका वाचकभगिनीचें पत्र माझ्याकडे आलें होतें. त्यांच्या घरीं चार जावा, आणि चौघींचीं माहेरें चार गांवचीं. हादग्याचें एक गाणें चौघींनीं मिळून म्हणावयास घेतलें, कीं शेवटच्या कडव्याशीं येऊन फेर अडतो. कारण दोघी एक शेवट म्हणतात आणि दोघी दुसरा. 'आपण संस्कृताचे शिक्षक होतां, तरी शुद्ध पाठ कोणता तें सदरांतून कळवावें,' अशी त्यांची सूचना होती. उत्तरास एक वर्ष लागलें याबद्दल त्यांनीं क्षमा करावी. विलंबाचें कारण पुढें येईलच.

हा खेळ ठाऊक नाहीं असें मराठी घर विरळा; तथापि नांवें निरनिराळीं आहेत. पुण्याकडे व कोंकणांत त्यास भोंडला म्हणतात, आमच्या कऱ्हाड-सातारा भागांत हादगा, आणि वऱ्हाड-खानदेशाकडे भुलाबाई. भुलाबाईचा थाट स्वतंत्र आहे. तेथें भाद्रपदी पौर्णिमेस मातीच्या मूर्ति मांडून कोजागिरीपर्यंत महिनाभर गाणीं चालतात. भोंडल्याचे दिवस नवरात्राचे. हादगा सूर्य हस्त नक्षत्रांत शिरला कीं, म्हणजे सप्टेंबरच्या २७ तारखेच्या आसपास सुरू होतो, आणि कित्येक घरीं तो सोळा दिवस चालवितात. (सूर्य हस्तांत तेरा-चौदा दिवसच असतो, परंतु मुलींच्या खेळास पंचांगाचें इतकें बंधन कोण घालणार?) पाटावर अथवा भिंतीवर हत्ती काढावा, त्यास फळाफुलांच्या माळा घालाव्या, भोंवतीं फेर धरून गाणीं म्हणावीं आणि शेवटीं खिरापत ओळखावी, सर्व विधि एवढाच. भटजी नाहीं, मंत्र नाहीं, सोवळें नाहीं, आणि पुरुषांचें तर तेथें कामच नाहीं.

तरीहि एका हादग्यांत मीं नाक खुपसलें होतें. त्या वेळीं मी तेरा वर्षांचा होतों, आणि शास्त्रीबुवांकडे नुकताच अमरकोश पाठ करूं लागलों होतों. नवा जावई आणि नवा विद्यार्थी, दोघेहि घरांत सांभाळावयास कठीणच! आजी पाटावर तांदुळांनीं हत्ती काढीत बसली होती. मीं तिला सांगितलें, "आजी, हें चुकीचें आहे. हस्त म्हणजे हात. सत्तावीस नक्षत्रांपैकीं तें तेरावें, पांच तारका, हाताच्या पांच बोटांसारख्या, देवता सविता. हत्तीचा यांत संबंधच नाहीं. सोंड हा ज्याचा हात तो हस्ती, त्याचा अपभ्रंश हत्ती. शब्दाच्या सारखेपणावरून बायकांनीं हाताचा हत्ती करून टाकला. पाटावर वास्तविक हात काढावयास पाहिजे."

आजीनें सोंडेचें टोंक पुरें केलें आणि मग म्हणाली, "काढ हो बाळ, तूं हात काढ. पण मुलींनीं मग फेर कशाभोंवतीं धरायचा? थपडेभोंवतीं?"

व्युत्पत्तिशास्त्रावर याहून समर्पक टीका मीं आजवर ऐकलेली नाहीं. हत्ती राहिला.

गाण्यांकडे वळण्यापूर्वीं खिरापतीविषयीं थोडें लिहिल्यावांचून माझ्यानें पुढें जाववत नाहीं, कारण बालपणीं या खेळाशीं माझा खरा संबंध तेवढाच होता. पहिल्या दिवशीं एक पदार्थ, दुसऱ्या दिवशीं दोन, तिसऱ्या दिवशीं तीन, असा चढता क्रम. दहाव्या दिवसापुढें आळींतल्या गृहिणींची गणितबुद्धि जागृत होई, आणि बडीशेप, खडीसाखर, भाजलेले शेंगदाणे हे तीन स्वतंत्र पदार्थ म्हणून मोजले जात. डब्याचें झांकण घट्ट लावून तो मुलींच्या कानांशीं हलवावयाचा आणि त्यांनीं ओळखावयाचें. गोड कीं तिखट, एवढाच एक प्रश्न विचारण्याची मुभा असे. खुळखुळलें तर फुटाणे, खसखसलें तर चिवडा, धप्प वाजलें तर लाडू, हें शास्त्र मुलींस पाठ असे. म्हणून आयाहि तयारीच्या असत. वाटली डाळ डब्यांत इतकी दाबून भरीत कीं काडीचा आवाज होऊं नये. एका वर्षीं काकूनें चकलीच्या डब्यांत मुद्दाम दोन सुपाऱ्या टाकल्या होत्या, आणि मुलींनीं तासभर लाडवांचीच नांवें घेतलीं. जिची खिरापत कोणासहि ओळखतां आली नाहीं, ती बाई दुसऱ्या दिवशीं विहिरीवर जरा ताठ मानेनें जाई.

आतां गाणीं. आरंभीं गणेशाचें स्मरण असतें, तेवढा भाग सोडला तर त्यांत भक्ति शोधूं नये. शिंक्यावरचें लोणी कोणी खाल्लें, हा आळ नणंद-भावजयींत फिरत राहतो. एका गाण्यांत सुगरण बायको लाडू करते आणि वेडा नवरा त्यांस चेंडू समजून खेळावयास घेतो. करंज्यांस होड्या समजून पाण्यांत सोडतो. शेवयांस गांडुळें समजून फेंकून देतो. आणि शेवटीं बायको निजलेली पाहून ती मेलीच असें समजून तिला जाळून टाकतो. आठ-दहा वर्षांच्या मुली हें शेवटचें कडवें सर्वांत मोठ्या आवाजांत आणि हंसत हंसत म्हणतात.

मी एका कन्याशाळेंत नवा नवा शिक्षक म्हणून लागलों तेव्हां हें गाणें ऐकून मला फार खेद झाला. कोंवळ्या मनांवर काय संस्कार होणार! मीं एका रविवारीं बसून त्याच चालीवर नवें गाणें रचलें. त्यांत पहांटे उठणें, दांत घांसणें, वडील माणसांस नमस्कार करणें, असे सद्गुण क्रमानें गुंफले होते, आणि वृत्तांत एकहि दोष नव्हता. मुलींनीं तें दोन दिवस निमूटपणें म्हटलें. तिसऱ्या दिवशीं शाळेच्या मागल्या बाजूनें जातांना पाहिलें, तों चिंचेखालीं दुसरा फेर चालला होता, आणि तेथें करंज्या पाण्यांत सोडल्या जात होत्या. मी आल्या पावलीं परत फिरलों. माझें गाणें मला स्वतःलाहि आतां आठवत नाहीं.

आमच्या भगिनींनीं ज्याविषयीं विचारलें आहे, तें गाणें कारल्याच्या वेलाचें. सून माहेरीं जाण्याची परवानगी मागते. सासू म्हणते, आधीं कारल्याचा वेल लाव. वेल लावला, आतां जाऊं कां? वेलास कारलीं येऊं दे. आलीं, आतां जाऊं? त्यांची भाजी कर. केली. खा. खाल्ली. उष्टें काढ. काढलें. आतां तरी जाऊं? तेव्हां सासू म्हणते, मला काय विचारतेस, सासऱ्यास विचार. सासरा दिराचें नांव सांगतो, दीर जावेचें, जाऊ नणंदेचें, आणि नणंद नवऱ्याचें. येथवर सर्व गांवें एक आहेत. पुढें दोन पाठ होतात. एकांत नवरा फणी आणावयास सांगतो, वेणी घाला म्हणतो, आणि सून माहेरीं जाते. दुसऱ्यांत तो काठी घेऊन तिच्या पाठीं लागतो.

ग्रंथसंपादनाची जी रीत आम्ही शिकलों, तींत प्राचीन प्रत कोणती, अधिक प्रतींचा आधार कोणास, कठीण पाठ कोणता, असे प्रश्न विचारावयाचे असतात. येथें प्रत एकहि नाहीं. आहेत त्या आज्या. डॉ. सरोजिनी बाबर यांच्यासारख्या विदुषींनीं महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या ग्रंथांतून बायकांचें हें धन कष्टानें गोळा केलें, तेव्हां आपल्यास तें छापील पाहावयास मिळतें. आतां तर संकुलांच्या सभागृहांत आणि परदेशांतल्या महाराष्ट्र मंडळांत नवरात्रांतला एखादा शनिवार गांठून भोंडला होतो, आणि प्रत्येकीच्या हातीं गाण्यांचा कागद असतो किंवा दूरध्वनीच्या पडद्यावर तीं उमटलेलीं असतात. हें चांगलेंच झालें. एवढेंच, कीं कागदावर शेवट एकच असतो.

आमच्या घरीं आजी फणीचा शेवट म्हणे. शेजारच्या घरीं काठीचा. मीं तेराव्या वर्षाच्या त्याच उत्साहांत तिला विचारलें कीं यांतला शुद्ध कोणता. हत्तीच्या वेळीं तिनें मला हंसण्यावारीं नेलें होतें, या वेळीं मात्र तिनें सांगितलें. तें मीं तेव्हां ऐकलें आणि पुढें पुष्कळ वर्षांनीं समजलों.

तिचें लग्न १९१९ सालीं झालें. ती नऊ वर्षांची होती. माहेर चिपळूणजवळच्या एका खेड्यांत, सासर घाटावर कऱ्हाडास, आणि मध्यें कुंभार्ली घाट. मुलीचें लग्नाचें वय किमान चौदा ठरविणारा शारदा कायदा १९२९ सालीं झाला आणि १ एप्रिल १९३० पासून अमलांत आला. म्हणजे तिच्यापुरता तो अकरा वर्षें उशिरां आला. (पुढें १९७८ मध्यें तें वय अठरा झालें.) बाराव्या वर्षीं ती सासरीं नांदावयास आली. पहिल्या वर्षीं तिचे वडील गाडी घेऊन न्यावयास आले, तों पापडांचे दिवस होते. दुसऱ्या वर्षीं आले, तों धाकट्या दिराची मुंज ठरली होती. दोन्ही खेपांस त्यांस पोटभर जेवूं घालून, आदरानें, रिकाम्या गाडीनिशीं परत लावून दिलें. वाईट शब्द कोणी बोललें नाहीं. कारल्याचा वेल लावल्यापासून पहिलें कारलें यावयास फार तर दोन महिने लागतात. या वेलास तीन वर्षें लागलीं.

तिसऱ्या वर्षीचा हादगा आला. फेरांत आळींतल्या सगळ्या लेकी-सुना होत्या. सासूबाई खिरापतीचा डबा घेऊन दारांत उभ्या होत्या. या घरीं फणीचाच शेवट म्हणण्याची पद्धत. शेवटचें कडवें आलें, आणि चौदा वर्षांच्या माझ्या आजीनें मोठ्यानें काठीचा शेवट म्हटला. बाकीच्या मुली थांबल्या. तिनें एकटीनें तो पुरा केला. मग सर्व जणी हंसल्या, कारण गाणें हंसण्याचेंच होतें. दारांतल्या बाईसहि हंसावें लागलें. सुनेनें उलट उत्तर दिलें असें म्हणावयास जागा नव्हती; तिनें फक्त एक गाणें म्हटलें होतें. त्या दिवशींची खिरापत कोणास ओळखतां आली नाहीं, असें आजीस चांगलें आठवत होतें. दसरा झाल्यावर आठ दिवसांनीं गाडी जुंपली.

मीं विचारलें, "म्हणजे आजोबांनीं खरेंच काठी उगारली होती?"

"छे रे! ते बिचारे सतरा वर्षांचे. वडिलांसमोर मान वर करीत नसत. काठी कोणीच उगारली नव्हती. पण फणीहि कोणी आणली नव्हती."

"मग खरा शेवट कोणता?"

"ज्या वर्षीं जो लागेल तो," असें म्हणून ती डबा घेऊन उठली.

मातृमुखींचें शिक्षण पोथींतल्या शिक्षणाशीं जोडून पाहण्याची खोड मला पुढें लागली, म्हणून एक आडवळण घेतों. हाल सातवाहनाच्या नांवावर असलेली गाथासप्तशती महाराष्ट्री प्राकृतांत आहे. तिच्या सातशें गाथांत राजे फार थोडे भेटतात; सासू, सून, दीर, शेजारीण, प्रवासास गेलेला नवरा हींच माणसें पानोपानीं भेटतात. तींतली सून सासूस 'अत्ता' म्हणून हांक मारते. जुन्या घरांतून सुना सासूस 'आत्याबाई' म्हणत, हें ज्यांनीं ऐकलें असेल त्यांस तो शब्द परका वाटणार नाहीं. सासऱ्यास मामंजी म्हणत. आजच्या सुना बाबा म्हणतात, आणि मामंजी बहुतेक गाण्यांतच उरले. मला वाटत असे, कीं गाण्यांतला सासराहि असाच इतिहासजमा झाला असेल.

गेल्या वर्षीं हें पत्र आलें तेव्हां मी उत्तराचा मसुदा लिहावयास बसलों होतों. त्यांत बायकांच्या मागील पिढ्यांनीं काय सोसलें, आणि आतां तें सर्व कसें पालटलें आहे, अशा अर्थाचा एक लांब परिच्छेद चांगला साधला होता. इतक्यांत धाकटी सूनबाई आली. ती बँकेंत नोकरी करते. तिचें माहेर सांगली. तिच्या आईच्या डोळ्याचें मोतीबिंदूचें काम दुसऱ्या दिवशींचें ठरलें होतें, आणि चार दिवस तिकडे राहून यावें असा तिचा विचार होता. घरांत घट बसलेले, अष्टमीची सवाष्ण सांगितलेली. म्हणाली, "बाबा, जाऊन येऊं कां?"

मीं मसुद्यावरून डोळे न काढतां म्हटलें, "मला काय विचारतेस? घटाचें सगळें तुझ्या सासूबाई पाहतात, त्यांना विचार."

स्वयंपाकघरांतून उत्तर ऐकूं आलें, "मी नको कशाला म्हणूं? पण अष्टमीचा स्वयंपाक थोरलीवर पडेल. जाऊबाईंना विचार." थोरली म्हणाली, "मला चालेल, पण भावोजींना सुटी आहे का? त्यांना विचार." आमचे चिरंजीव बाहेर कांहीं तरी वाचीत होते. ते म्हणाले, "आईला विचार ना."

माझी आठ वर्षांची नात जमिनीवर पालथी पडून कागदावर हत्ती रंगवीत होती. हत्ती निळा होता. तिनें मान वर केली नाहीं. पण रंगवतां रंगवतां ती एक चाल गुणगुणूं लागली. ती चाल घरांतल्या प्रत्येकास ठाऊक होती. स्वयंपाकघरांतली भांडीं वाजावयाचीं थांबलीं. थोरलीनें तोंडाला पदर लावला. गुणगुणतां गुणगुणतां शेवटच्या कडव्याजवळ येऊन कार्टी थांबली, उठली, आरशाखालच्या फळीवरून फणी घेतली आणि ती आणून माझ्या हातांत दिली.

माझ्या डोक्यास फणीचें काम पडून वीस वर्षें झालीं. मी ती धरून कांहीं वेळ तसाच बसलों. सूनबाईस आमच्या कोणाच्या परवानगीची गरज नव्हती. स्वतःच्या पगारांतून तिकीट काढणारी ती मुलगी, तिनें विचारलें तें रीत म्हणून. हो म्हणावयास एक अक्षर पुरलें असतें. तें एक अक्षर चार वडील माणसांना मिळून सुचलें नाहीं, आणि आमच्यापैकीं एकाचाहि हेतु वाईट नव्हता. आजीच्या सासऱ्यांचा तरी होता का, हें मी आतां खात्रीनें सांगूं शकत नाहीं.

"सकाळची पहिली गाडी किती वाजतां आहे?" असें मीं चिरंजीवांस विचारलें, आणि तो मसुदा फाडून टाकला.

तेव्हां पत्र लिहिणाऱ्या भगिनीस माझें उत्तर असें: फेर अडूं द्यावा. दोघींनीं फणीचा शेवट म्हणावा, दोघींनीं काठीचा; कोणी कोणता म्हटला याची चौकशी फेरांत करूं नये. मात्र जी गेल्या वर्षीं फणी म्हणत होती ती यंदा काठी म्हणूं लागली, तर खिरापतीचा डबा घेऊन दारांत जी उभी असेल तिनें तें ऐकावें. पुरुषांनीं ओसरीवरून ऐकावें.

सूनबाई सकाळीं गेली. तिच्या आईचें काम नीट पार पडलें. त्या सायंकाळच्या हादग्याची खिरापत तिच्याकडे होती, ती ओघानेंच माझ्याकडे आली. सहावा दिवस, म्हणून सहा पदार्थ पाहिजेत. खोबरें, साखर, मनुका, फुटाणे आणि बडीशेप अशीं पांच नांवें विनासायास जमलीं. सहावा चिवडा मीं स्वतः करावयास घेतला. पोह्यांचें प्रमाण बरोबर होतें, परंतु कढईखालची आंच थोडी चुकली. डबा गच्च भरून झांकण दाबून लावलें, आणि आवाज होऊं नये म्हणून वर फडकेंहि गुंडाळलें. फेर संपल्यावर मी डबा पुढें केला. नातीनें तो हलविलासुद्धां नाहीं. नुसतें नाक जवळ नेलें आणि सर्व मुलींकडे वळून जाहीर केलें, "तिखट. चिवडा. करपलेला."